वाचकांचे प्रश्न : चार चौरस लीग जमीन आणि ट्रंकेतले एक पुस्तक

अमळनेरच्या एका वाचकांनी पाठवलेले जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकपानाचे छायाचित्र मागील अंकात छापले होते. ते पाहून शिरपूर, जळगाव, भुसावळ आणि धुळे येथूनही पत्रे आली. सर्व प्रश्न त्या एकाच पुस्तकाशी निगडित असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझे मामा कॅलिफोर्नियात अभियंता होते. त्यांच्या निधनानंतर त्यांची पुस्तकांची ट्रंक आमच्याकडे आली. तीत चामड्याच्या बांधणीचे, पाठ उसवलेले हे जाड पुस्तक सापडले. शीर्षकात ‘कलोनियल हिस्टरी’ हे शब्द आणि खाली १८६६ हे साल पाहून मला ते आपल्याकडील इंग्रजी अमलाविषयी असावे असे वाटले होते, परंतु आत सगळीकडे सॅन फ्रान्सिस्को शहराच्या जमिनीचीच चर्चा आहे. पुतण्या म्हणतो, रद्दीत घाला. भाचा म्हणतो, लाखोंना जाईल. हे पुस्तक नेमके आहे तरी काय? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : पुतण्याचे ऐकले नाहीत हे उत्तम झाले, भाच्याचेही एवढ्यात ऐकू नका. आपल्याजवळ आहे ते जॉन व्हिपल ड्विनेल या वकिलाचे सॅन फ्रान्सिस्को शहराच्या वसाहतकालीन इतिहासाचे पुस्तक. शीर्षक इतिहासाचे असले, तरी त्याच पानावर पुढे स्पष्ट म्हटले आहे की सॅन फ्रान्सिस्को शहराने अमेरिकेच्या संघराज्य सरकारविरुद्ध मागितलेल्या चार चौरस लीग (सुमारे साडेसतरा हजार एकर) जमिनीसाठी संघराज्याच्या न्यायालयात मांडलेला हा युक्तिवाद आहे. म्हणजे हे एका दाव्यातले, छापून बांधलेले लेखी म्हणणे आहे. पहिली आवृत्ती १८६३ मध्ये निघाली आणि आपल्याकडील १८६६ ची आवृत्ती तिसरी आहे. ‘कलोनियल’ हा शब्द वाचून आपल्या डोळ्यांसमोर इंग्रज उभे राहतात ते साहजिक आहे, परंतु येथे वसाहत स्पेनची आणि तिच्यामागून आलेला अंमल मेक्सिकोचा आहे.

दावा समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. स्पेनने १७७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या मुखाशी एक लष्करी ठाणे वसवले आणि त्याच वर्षी जवळच एक धर्मठाणेही (मिशन) उभे केले. मेक्सिको १८२१ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झाला. पुढे १८३५ च्या सुमारास किनाऱ्यावर ‘येर्बा बुएना’ नावाची लहानशी व्यापारी वस्ती वाढू लागली. जुलै १८४६ मध्ये अमेरिकन आरमाराने तेथे निशाण लावले, जानेवारी १८४७ मध्ये वस्तीचे नाव सॅन फ्रान्सिस्को असे ठेवण्यात आले आणि बरोबर एका वर्षाने, जानेवारी १८४८ मध्ये, कॅलिफोर्नियात सोने सापडले. जेमतेम हजारभर वस्तीचे ते गाव दोन वर्षांत पंचवीस हजारांच्या घरात गेले. ज्या वाळूच्या टेकड्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांच्या एकेका तुकड्यावर चार-चार मालक उभे राहिले.

याच सुमारास, फेब्रुवारी १८४८ मध्ये, ग्वादालुपे इदाल्गो येथे तह होऊन अमेरिका-मेक्सिको युद्ध संपले आणि मेक्सिकोच्या अमलाखालील मालमत्तेचे हक्क राखले जातील असे अमेरिकेने मान्य केले. मान्य करणे सोपे होते. कोणाचा हक्क कोणता हे ठरवणे अवघड होते. त्यासाठी १८५१ मध्ये कायदा करून जमीन आयोग नेमण्यात आला. स्पेन किंवा मेक्सिकोच्या काळातील हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाने दोन वर्षांच्या आत पुराव्यासह या आयोगासमोर यावे, न आल्यास जमीन सरकारी समजली जाईल, असा त्याचा आशय होता. पुराव्याचा सगळा भार दावेदारावर होता. आपल्याकडे इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनसमोर सनदा घेऊन उभे राहिलेल्यांची अवस्था ज्यांना ऐकून माहीत आहे, त्यांना यावर अधिक सांगायला नको. योगायोग असा की इनाम कमिशनला कायद्याचे बळ देणारा आपल्याकडील कायदाही त्याच्या पुढच्याच वर्षीचा, १८५२ चा आहे.

त्या आयोगापुढे आठशेहून अधिक दावे आले आणि त्यांत १८५२ मध्ये खुद्द सॅन फ्रान्सिस्को शहरही दावेदार म्हणून उभे राहिले. शहराचे म्हणणे असे की मेक्सिकोच्या अमलात आम्ही ‘पुएब्लो’, म्हणजे कायद्याने मान्य झालेले गाव होतो आणि स्पॅनिश परंपरेनुसार अशा प्रत्येक गावाला वस्ती, चराई आणि सामायिक उपयोग यांसाठी चार चौरस लीग जमीन मिळते. ती आमची आहे. आयोगाने डिसेंबर १८५४ मध्ये यातील काही भागच मान्य केला. वरच्या, म्हणजे जिल्हा न्यायालयात हे प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहिले आणि तेथे ड्विनेल यांनी शहरासाठी हा युक्तिवाद रचला. पुढे १८६४ मध्ये प्रकरण सर्किट न्यायालयाकडे गेले, न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी शहराच्या बाजूने निर्णय दिला, मे १८६५ मध्ये हुकूमनामा अंतिम स्वरूपात निघाला आणि मार्च १८६६ मध्ये संघराज्याच्या कायदेमंडळाने कायदा करून आपला हक्क सोडला. आपली आवृत्ती त्याच वर्षाची, म्हणजे दावा जिंकल्यानंतरची आहे.

या विजयाचे फळ आजही डोळ्यांनी पाहता येते. शहराच्या पश्चिमेकडील ज्या वाळवंटी भागाला तेव्हा ‘बाहेरच्या जमिनी’ म्हणत, तेथील कब्जेदारांशी तडजोड करून शहराने त्यांची मालकी मान्य केली आणि बदल्यात त्या जमिनींचा एक हिस्सा सार्वजनिक कामासाठी ठेवून घेतला. त्यातूनच १८७० मध्ये हजार एकरांहून मोठे ‘गोल्डन गेट पार्क’ आखले गेले. आपले मामा त्या उद्यानात कधीतरी फिरले असतीलच. ती जमीन शहराच्या हाती कशी आली याची कहाणी त्यांच्या ट्रंकेत होती.

ड्विनेल यांच्याविषयीही दोन शब्द सांगतो. ते न्यूयॉर्क राज्यातून आलेले वकील होते. पुढे ते शेजारच्या ओकलंडचे महापौर झाले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्थापना करणारा १८६८ चा कायदा विधिमंडळात त्यांनीच मांडला. बर्कलीच्या विद्यापीठातील एका मोठ्या इमारतीला त्यांचे नाव आहे.

प्रश्न : मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक आहे. चाळीस वर्षे शिरपूर, साक्री आणि शहादा भागांत मोजणी केली. दान दिल्याचा कागद नाही, हद्द मोजलेली नाही, आणि तरीही शहराने एवढ्या जमिनीवर हक्क सांगितला, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. लीग म्हणजे किती आणि न्यायालयाने हे मान्य तरी कसे केले? — एक वाचक, शिरपूर

उत्तर : आपण दाव्याच्या मर्मावरच बोट ठेवले आहे, सरकारी वकिलांचा मुख्य आक्षेपही जवळजवळ हाच होता.

आधी माप सांगतो. स्पॅनिश लांबीचे माप ‘वारा’ हे होते. उच्चार आपल्या वाराच्या जवळ जातो आणि लांबीही फार दूर नाही, कारण आपला वार ३६ इंचांचा, तर कॅलिफोर्नियातील वारा सुमारे ३३ इंचांचा धरला जाई. अशा पाच हजार स्पॅनिश वारांची एक लीग, म्हणजे अडीच मैलांहून थोडी अधिक. चार चौरस लीग म्हणजे सुमारे साडेसतरा हजार एकर होतात. ही मापे दोरीने, पुष्कळदा घोड्यावर बसून घेतली जात. शंकू-साखळी घेऊन उन्हात उभे राहिलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल, परंतु त्या प्रदेशातील मोठमोठ्या जमिनी ‘अमुक ओढ्यापासून तमुक टेकडीपर्यंत, कमी-अधिक’ अशा शब्दांत दिल्या गेल्या होत्या आणि अमेरिकन मोजणीदारांना त्या शब्दांची रेषा करावी लागली.

आता कागदाविषयी. आपण इतकी वर्षे गावठाणाच्या हद्दी पाहिल्या आहेत, म्हणून आपल्यालाच विचारतो : एखाद्या जुन्या गावच्या पांढरीचे खरेदीखत आपण कधी पाहिले आहे काय? शेताला मालक असतो, त्याचा फेरफार असतो. परंतु गाव आहे म्हणून गावठाण आहे, गुरे आहेत म्हणून गायरान आहे, आणि ती जमीन अमक्याने अमक्या तारखेला गावाला दिली असा कागद बहुतेक गावांजवळ नसतो. गाव गाव म्हणून वसले, चालले, राज्यकर्त्यांनी त्याला गाव मानले, एवढ्यावर ती जमीन त्याच्याकडे राहते. ड्विनेल यांचा युक्तिवाद हाच आहे. पुएब्लोला मिळणारी जमीन ही कोणाच्या दानपत्रातून येत नसून सर्वसाधारण कायद्यातून येते. म्हणून दानपत्र शोधत बसू नका, पुएब्लो होता की नव्हता एवढेच पाहा.

तो होता हे दाखवण्यासाठी त्यांनी कणाकणाने पुरावा जमवला. गव्हर्नर फिगेरोआ यांनी १८३४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे नगरपंचायतीसारखे मंडळ निवडण्याचा हुकूम दिला, १८३५ मध्ये ते मंडळ कामाला लागले, तेथील अधिकाऱ्यांनी लोकांना घरांसाठी जागा वाटून दिल्या, निवडणुकांच्या नोंदी झाल्या, तक्रारी झाल्या, पत्रे लिहिली गेली. यांतील एकेक कागद सुटा घेतला तर क्षुल्लक आहे. कोणा रहिवाशाने घरासाठी जागा मागितल्याचा अर्ज पाहून कोणाचा ऊर भरून येणार नाही. परंतु असे शेकडो कागद एकापुढे एक मांडले की ज्याला गावाचा कारभार म्हणतात तो दिसू लागतो. ड्विनेल यांनी पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकात आपल्या युक्तिवादाला ‘संश्लेषणात्मक’ म्हटले आहे ते याच अर्थाने.

न्यायालयाने जमीन शहराची ठरवली खरी, पण कशी, तेही आपल्यासारख्याला लक्षात घेण्याजोगे आहे. शहराला ती मन मानेल तशी विकण्याजोगी खासगी मालमत्ता म्हणून मिळाली नाही. ज्यांना पूर्वी रीतसर जागा दिल्या गेल्या होत्या त्यांच्यासाठी, आणि उरलेली सर्व रहिवाशांच्या उपयोगासाठी, शहर ती विश्वस्त म्हणून धरते, असे हुकूमनाम्यात म्हटले होते. लष्करासाठी राखलेल्या जमिनी आणि आधीच मान्य झालेल्या खासगी जमिनी त्यातून वगळल्या होत्या. गायरानावरील अतिक्रमणाच्या प्रकरणांत आपण जी भाषा ऐकत आलात, तिच्यापासून ही भाषा फार दूर नाही.

एक गोष्ट मात्र या तुलनेत सुटू नये. पुएब्लोच्या आधीही त्या भूमीवर लोक होते. ओलोनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ रहिवाशांच्या वस्त्या स्पॅनिश ठाणे येण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून तेथे होत्या. शहर आणि संघराज्य यांच्या या दाव्यात त्यांना पक्षकार म्हणून स्थान नव्हते आणि एवढ्या जाड पुस्तकात जमिनीवरचा त्यांचा हक्क हा प्रश्न म्हणून उभा राहत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मोजणी केलेल्या माणसाला याचा अर्थ फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रश्न : मी जळगावला विधी शाखेत शिकते. आपल्या पक्षकाराला जिंकून देण्यासाठी वकिलाने लिहिलेले पुस्तक इतिहास म्हणून कितपत विश्वसनीय मानावे? — एक वाचक, जळगाव

उत्तर : युक्तिवाद म्हणून वाचलेत तर पूर्ण विश्वसनीय, इतिहास म्हणून वाचलेत तर सावधपणे, आणि परिशिष्टे म्हणून वाचलीत तर अमोल, पुस्तकाचे हे तीन स्तर वेगळे ठेवा म्हणजे गोंधळ होणार नाही. मजकुरात ड्विनेल विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी टाळतात असे नाही, परंतु त्यांचे वजन कमी करून दाखवतात. ठाण्याभोवतीची वस्ती, धर्मठाण्याची वस्ती आणि किनाऱ्यावरची येर्बा बुएना ही तीन वेगळी ठिकाणे मिळून एकच गाव होते, हे ते ज्या सफाईने गृहीत धरतात, ती सफाई वकिलाची आहे. पुढच्या इतिहासकारांनी या पुएब्लोच्या प्रश्नावर पुष्कळ वाद घातला आहे.

परिशिष्टांची गोष्ट निराळी. त्यांत स्पॅनिश व मेक्सिकन काळातील कायदे, हुकूम, पत्रे आणि नोंदी इंग्रजी भाषांतरासह छापल्या आहेत, आणि १८६६ च्या आवृत्तीत त्या पहिल्या आवृत्तीपेक्षा पुष्कळ वाढवल्या आहेत. मूळ युक्तिवादाहून कितीतरी अधिक पाने त्यांनी व्यापली आहेत. हे कागद एका जागी सापडण्याजोगे झाले कसे, याच्यामागे एक बनावट दावा आहे. लिमांतूर नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने मेक्सिकन गव्हर्नरांनी दिल्याच्या कागदांच्या आधारे शहराच्या मोठ्या भागावर हक्क सांगितला आणि १८५६ मध्ये आयोगाने तो चक्क मान्यही केला. शहरातील हजारो घरमालक हादरले. तेव्हा केंद्र सरकारने एडविन स्टँटन यांना, जे पुढे लिंकन यांचे युद्धमंत्री झाले, चौकशीसाठी पाठवले. त्यांनी ठिकठिकाणी विखुरलेले जुने सरकारी दप्तर गोळा करवले, खऱ्या कागदांवरील शिक्के आणि लिमांतूरच्या कागदांवरील शिक्के छायाचित्रे घेऊन ताडून पाहण्यात आले, आणि १८५८ मध्ये न्यायमूर्ती ऑग्डेन हॉफमन यांनी तो दावा बनावट म्हणून फेटाळला. न्यायालयात छायाचित्राचा असा वापर त्या काळी अगदी नवा होता. विधी शाखेत आहात म्हणून सांगतो, तो निर्णय शोधून अवश्य वाचा.

गोळा झालेले ते दप्तर सॅन फ्रान्सिस्कोत सरकारी मोजणी खात्याच्या कार्यालयात राहिले आणि १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत जवळजवळ सगळे जळाले. इतिहासकार बँक्रॉफ्ट यांच्या लेखनिकांनी आधी करून ठेवलेल्या नकला आणि सारांश वाचले, कारण त्यांचे ग्रंथालय आगीच्या टापूबाहेर होते; आणि छापील पुस्तकांत जे उतरले होते ते वाचले. ड्विनेल यांची परिशिष्टे त्यांपैकी आहेत. दावा जिंकण्यासाठी जोडलेले पुराव्याचे कागद आता मूळ कागदांची जागा घेऊन बसले आहेत. आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने २२ खंडांत छापली तेव्हा अनेकांना तो रूक्ष कागदांचा ढीग वाटला होता. त्यांतील किती मूळ कागद आज कोठे आहेत याचा शोध घ्यायला गेल्यावर त्या ढिगाची किंमत कळते.

प्रश्न : आमच्याकडेही आजोबांची शंभर वर्षांपूर्वीची इंग्रजी पुस्तके आहेत. आवृत्ती खरी की पुनर्मुद्रण हे कसे ओळखावे? किंमत कोण सांगेल आणि परदेशी ग्राहकाला पाठवता येते का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : अमळनेरच्या पुस्तकापुरते बोलायचे तर विसाव्या शतकात त्याची पुनर्मुद्रणे निघाली आहेत आणि अलीकडे स्कॅनवरून छापलेल्या स्वस्त प्रतीही मिळतात. शीर्षकपानावर जुने साल छापलेले असते म्हणून पुस्तक जुने ठरत नाही. कागद उजेडासमोर धरून पाहा, अक्षरांचा ठसा कागदाच्या पाठीमागे बोटाला किंचित जाणवतो का ते पाहा, आणि छपाई करड्या ठिपक्यांची दिसत असेल तर ती प्रत जुनी नाही असे समजा. त्यानंतर पाने मोजा. अमेरिकेतील मोठ्या ग्रंथालयांनी मूळ प्रती स्कॅन करून सर्वांना खुल्या केल्या आहेत. त्यांतील प्रतीशी आपली प्रत पानागणिक ताडून पाहा. नकाशे आणि चित्रपत्रे जागेवर आहेत का हे विशेष पाहावे, कारण जुन्या पुस्तकांतून सर्वांत आधी तीच फाडून नेली जातात आणि एक नकाशा नसला तरी किंमत बरीच उतरते.

लॉस एंजेलिसच्या झामोरानो क्लबने १९४५ मध्ये कॅलिफोर्नियाविषयीच्या ८० श्रेष्ठ पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली, तीत ड्विनेल आहेत. या यादीतली सर्व पुस्तके जमवणे हा तिकडच्या श्रीमंत संग्राहकांचा छंद झाला, त्यामुळे मागणी कायम राहिली. तथापि यादीतले नाव आणि पाठ उसवलेली प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या ग्रंथांचे लिलाव करणाऱ्या संस्थांचे पूर्वीचे निकाल पाहता येतात. त्यांत आपल्या प्रतीसारखीच स्थिती असलेली प्रत शोधा. रस्त्यावरच्या विक्रेत्याने सांगितलेला आकडा आणि संकेतस्थळावर कोणी मागितलेला आकडा, दोन्ही किमती नव्हेत. किंमत म्हणजे कोणीतरी मोजलेले पैसे.

परदेशी पाठवण्याआधी मात्र थांबा. पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेली, ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते, अभिलेख आणि दस्तऐवज पुरावशेषांत मोडतात व खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आपले छापील पुस्तक त्यात येते की नाही, याचा निवाडा स्वतः करू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी दाखला घ्या.

प्रश्न : धुळ्याला आमचे वडिलोपार्जित घर आहे. ‘ब्रिग्ज साहेबाने दिलेली कायम माफीची जागा’ असे आजेसासरे सांगत. लाल फडक्यात बांधलेले काही मोडी कागदही आहेत. त्या अमेरिकन पुस्तकासारखा या कागदांचा आम्हांला काही उपयोग होईल का, आणि ते टिकवावेत कसे? — एक वाचक, धुळे

उत्तर : आपल्या आजेसासऱ्यांचे म्हणणे निराधार वाटत नाही. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले. त्या वेळी, १८१९ मध्ये, गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. व्यापारी व कारागीर येऊन राहावेत म्हणून घरांसाठी जागा कायमच्या सारामाफीने देण्यात आल्या आणि वसण्यासाठी तगाईही दिली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या पुएब्लोने घरांच्या जागा वाटल्या त्याच्या सुमारे सोळा वर्षे आधी आपल्या पांझरेकाठी हे घडले होते.

परंतु घराण्यात सांगितलेली गोष्ट आणि आपल्याच भूखंडाचा कागद यांत अंतर आहे. प्रथम नगर भूमापन कार्यालयातून आपल्या मिळकत पत्रिकेची नक्कल काढा आणि तीत धारणाधिकार, सारा व सनद यांविषयी काय नोंद आहे ते पाहा. नंतर मोडी कागदांचे जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या. अर्धवट मोडी येणारे अनेक जण उत्साहाने पुढे येतात. त्यांच्याकडून वाचून घेऊ नका, कारण एका अंकाच्या चुकीने साल बदलते आणि सालाने सगळे बदलते. धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे, तेथे विचारणा केल्यास वाट सापडेल. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आलेला असेल तर न्यायालय त्याच्या खरेपणाचे अनुमान करू शकते, म्हणून तो कोणाकडून कोणाकडे आला हे आज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. कागदावर मात्र काहीही लिहू नका. अमेरिकन पुस्तकाचा आपल्या जागेसाठी काडीचाही उपयोग नाही.

टिकवण्याविषयी अमळनेरच्या वाचकांनीही विचारले होते, म्हणून दोघांना एकत्र सांगतो. आपल्या भागात मे महिन्यातील कोरडी आग आणि पाठोपाठ पावसाळ्याची ओल असे दोन्ही शत्रू आहेत, आणि तिसरा आपण स्वतः घरात आणतो, तो कूलर. त्याची ओली हवा ज्या भिंतीवर जाते त्या भिंतीच्या कपाटात कागद ठेवू नयेत. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून असलेले लोखंडी कपाटही नको. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कारण मोडी कागदाला एकदा प्लास्टिकमध्ये वितळवले की तो पुन्हा बाहेर काढता येत नाही. घड्या उलगडून कागद सपाट ठेवा. लाल फडक्याचा रंग ओलीत उतरतो, तेव्हा धुतलेले, रंगहीन सुती कापड वापरा. कडुनिंबाचा पाला वा वेखंड ठेवायचे असेल तर कपाटाच्या कोपऱ्यात, पानांच्या मध्ये नव्हे. पुस्तकाच्या चामड्याला तेल चोळण्याचा सल्ला कोणी देईल. ते करू नका. त्या काळी कायद्याची पुस्तके बहुधा मेंढीच्या चामड्यात बांधत आणि ते कालांतराने लाल भुकटी होऊन झडते. तेलाने ती भुकटी पानांत उतरते. पाठ सुती पट्टीने सैल बांधून ठेवा आणि दुरुस्ती ग्रंथसंवर्धन शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. नवी बांधणी करून सोनेरी अक्षरे टाकून देणारा बाइंडर मिळेल, परंतु त्याच्या हातून मूळ बांधणी गेली की संग्राहकाच्या लेखी पुस्तकाचे अर्धे मोल गेले.

माझी आजी पारोळ्याची. लिहितावाचता तिला येत नव्हते, तरी पेटीतली जुनी पुडकी दाखवून ‘कागद जपीसन ठेव’ एवढे ती अहिराणीत दर वेळी बजावत असे. त्यातला एक कागद पुढे बांधाच्या तंट्यात कामी आला. उरलेले वाळवीने खाल्ले, कारण जपणे म्हणजे पेटीत कोंबून कुलूप लावणे असे आम्ही समजलो. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास, कोरड्या दिवशी पेटी उघडून कागद सावलीत पसरावेत, तळ झाडून घ्यावा आणि प्रत्येक कागदाचे भ्रमणध्वनीवर स्पष्ट छायाचित्र घेऊन ते घराबाहेर राहणाऱ्या एका नातेवाइकाकडेही ठेवावे.